छत्रीचे झाड, धोट्याची गव्हाणी

नाताळच्या जुन्या काचेच्या गोळ्यांना पाण्याचा हात लावायचा नसतो, ही गोष्ट मला पहिला गोळा धुऊन झाल्यावर कळली. डिसेंबर २०२४च्या पहिल्या रविवारी दुपारची आवराआवर करताना सूनबाईने माहेराहून आणलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा मी उघडला. आत कापसात गुंडाळलेले सहा गोळे होते, त्यांवर धुळीची पुटे चढलेली होती, आणि धूळ दिसली की ओले फडके हाती घ्यायचे ही माझी चाळीस वर्षांची खोड आहे. फडके दोनदा फिरले तेवढ्यात गोळ्याचा डाळिंबी रंग सगळा फडक्यावर उतरला आणि माझ्या हातात आरशासारखा लख्ख, पण पार बिनरंगाचा गोळा राहिला. सूनबाई बाहेरून येईपर्यंत मी तो गोळा आणि ते लाल फडके समोर ठेवून ओट्यापाशी तशीच बसून होते. तिने आधी फडक्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि डब्याच्या तळाचा कापूस उचलून कागदात गुंडाळलेला सातवा गोळा बाहेर काढला. तोही तसाच, नुसता चंदेरी. "हा माझ्या आजीनं धुतला होता," ती म्हणाली, "तेव्हापासून बाकीचे आमच्याकडे कोणी पुसलेच नाहीत."

आमची सूनबाई नगरची, मराठी ख्रिस्ती घरातली. नगर जिल्ह्यातल्या चौंडीची मुलगी इंदूरच्या होळकरांकडे सून म्हणून आली त्याला आता तीनशे वर्षे होत आली, त्यामुळे आम्ही काही नवीन केले असे नाही, असे माझा मुलगा लग्नाच्या वेळी सगळ्यांना सांगत होता. मंगळागौर, दिवाळसण, संक्रांतीचे हळदीकुंकू यांपैकी जे जे तिला रुचले ते तिने आनंदाने केले होते, तेव्हा तिचा या घरातला पहिला नाताळ आपण नीट करायचा हे मी मनाशी ठरवून टाकले होते. बाजारातून प्लास्टिकचे झाड आणि झगमगीत झिरमिळ्या आणणे सोपे होते, पण ते तिलाच नको होते. नगरला त्यांच्या घरी आरास घरच्या घरी होते आणि नाताळच्या आधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारपासून तिला हात लागतो, असे तिने सांगितले. तो रविवार नेमका हाच होता, आणि माझ्या हातून त्याचा आरंभ असा झाला.

गोळ्याचे काय झाले ते नंतर वाचून समजले. हे गोळे पातळ काचेचे, फुंकून केलेले असतात. गोळा थंड झाला की त्याच्या आत चांदीचा क्षार असलेले द्रावण घालून तो हलवतात, म्हणजे आतल्या अंगाला आरसा धरतो, आणि रंग त्यानंतर बाहेरून, लाखेसारख्या द्रवात बुडवून चढवतात. म्हणून पाणी लागले तर आतली चांदी सुरक्षित राहते आणि बाहेरचा रंग निघून जातो. अशा गोळ्यांवरची धूळ मऊ, कोरड्या ब्रशाने अलगद झटकायची असते आणि त्यातही रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसले तर ब्रशसुद्धा आवरता घ्यायचा असतो. जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातले लाउशा नावाचे गाव ही या गोळ्यांची गंगोत्री. १८४७च्या सुमारास तिथल्या काचकारागिरांनी झाडावर टांगायचे काचेचे गोळे करायला घेतले असे सांगतात, आणि पुढे ते अमेरिकेपर्यंत पोचले.

सूनबाईच्या घरात हे गोळे पणजीला एका मिशनरी बाईंनी दिले आणि ते शंभर वर्षांचे आहेत, अशी आख्यायिका होती. आमच्या ह्यांनी भिंग घेऊन गोळ्यांच्या माथ्यावरच्या पत्र्याच्या टोप्या पाहिल्या आणि त्यांवर 'वेस्ट जर्मनी' अशी अक्षरे आहेत, म्हणजे १९४९ ते १९९० यांच्या मधलाच हा माल असला पाहिजे, असे जाहीर करून टाकले. महायुद्धानंतर लाउशा पूर्व जर्मनीत गेले आणि तिथले कितीतरी कारागीर सीमेच्या अलीकडे पश्चिम जर्मनीत कोबुर्गजवळच्या नॉयश्टाट गावी येऊन तोच धंदा करू लागले, तेव्हा हे तिथलेही असू शकतील. ह्यांनी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले असल्यामुळे खरे काय ते सांगताना समोरच्याचा चेहरा पाहण्याची सवय त्यांना नाही. सूनबाईने मात्र शांतपणे "मग पणजीला नाही, आजीला दिले असतील" एवढेच म्हणून वंशावळ एका पिढीने खाली सरकवली.

आरास कशाची करायची यापेक्षा कशी करायची याचा नियम आमच्या घरात आधीपासून होता. सासूबाई महालक्ष्म्यांची आरास करत तेव्हा घरातलेच सामान वापरत. पितळी डबे एकावर एक रचून खांब होत, पैठणीचा पडदा होई, परातींची प्रभावळ होई, आणि मुखवटे उतरले की तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रत्येक वस्तू आपापल्या फडताळात गेलेली असे. कोणत्याही वस्तूला भोक पाडायचे नाही, डिंक लावायचा नाही, बांधायचे ते सुती दोऱ्याने आणि सुटेल अशा गाठीने. हाच नियम आम्ही नाताळला लावला आणि त्यात एका कलमाची भर घातली : जी वस्तू अजून कामाची आहे किंवा दुरुस्त होऊ शकते तिला कात्री लावायची नाही, आणि जी खरोखर निकामी आहे तिचे मात्र वाटेल ते करावे. हे कलम कागदावर सोपे वाटते, पण पोटमाळ्यावरच्या प्रत्येक वस्तूची बाजू घेऊन भांडणारे कोणी ना कोणी इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या घरात निघतेच.

पहिला वाद मामंजींच्या छत्रीवरून झाला. लाकडी मुठीची, काळ्या कापडाची, आठ काड्यांची ती छत्री अठरा वर्षे पोटमाळ्यावर होती. कापडाला कसर लागून त्याची चाळण झाली होती, तरी ती दुरुस्त होईल असा ह्यांचा आग्रह, म्हणून ती आधी छत्रीवाल्याकडे नेली. त्याने काड्यांचे गंजलेले सांधे पाहून नकार दिला तेव्हाच ती आमच्या हाती आली. कापड उसवून काढल्यावर उरलेला सांगाडा सूनबाईने अर्धवट उघडून धरला आणि आम्हा सगळ्यांना एकदमच दिसले की हे झाड आहे : वर टोक, खाली घेर आणि चहूबाजूंनी उतरत्या आठ फांद्या. दांड्यावर वरखाली सरकणारी नळी मध्येच थांबावी म्हणून तिच्याखाली तांब्याच्या तारेचे चार वेढे दिले, मूठ वाळूने भरलेल्या तांब्याच्या हंड्यात रोवली, आणि काडीकाडीवर मोरपंखीच्या डहाळ्या दोऱ्याने बांधत गेलो. पाइन, फर ही झाडे माळव्यात कुठून मिळणार. अंगणातली मोरपंखी त्यांच्या जवळपासची दिसते आणि फांदी कापल्यावरही आठ-दहा दिवस हिरवी राहते, मात्र ती २२ तारखेच्या आधी कापायची नाही. सगळा सांगाडा एकदा हंड्यासकट कलंडल्यावर हेही समजले की टांगायच्या वस्तू समोरासमोरच्या काड्यांना जोडीने लावत गेले पाहिजे. एका बाजूने झाड पुरे करून मग दुसरीकडे वळणे छत्रीला मानवत नाही.

मामंजी इथल्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. इंदूरच्या गिरण्या आता इतिहासजमा झाल्या असल्या तरी अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या त्यांच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले चित्ररथ, शहराने सोडलेल्या नाहीत. मामंजी ऐन उमेदीत असताना त्या झांक्यांच्या दिव्यांच्या कामाला असत. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्या दोन्ही आयुष्यांचे सामान एकत्र निघाले : सव्वीस लाकडी कांड्या, एक धोटा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले, लाखेच्या रंगात बुडवलेले छोटे दिवे.

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, कांडी म्हणजे बाण्याचे, आडवे सूत गुंडाळलेली निमुळती लाकडी नळी. ती धोट्याच्या पोटात बसते आणि धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावतो. वर्षानुवर्षे सूत घासून या कांड्यांचे लाकूड असे गुळगुळीत झाले आहे की नव्या वस्तूला पॉलिश करून तो हात येणार नाही. तीन कांड्या मध्यावर एकमेकींवर तिरक्या ठेवून सुती दोऱ्याने आवळल्या की सहा टोकांचा तारा होतो. असे सहा तारे केले, आणि उरलेल्या कांड्या बुडाकडून उभ्या करून खिडकीत मेणबत्त्यांसारख्या मांडल्या. पेटवायच्या अर्थातच नाहीत. एका कांडीवर मामंजींच्या वेळचे राखी सूत अजून शिल्लक होते. ते उलगडायला माझा हात धजला नाही, ती कांडी आम्ही तशीच शेंड्याला बांधली.

धोट्याचे काय करायचे ते सूनबाईने कोणालाही न विचारता ठरवले. दोन्ही टोकांना लोखंडी अणकुच्या, मध्ये खोलगट पोकळी, असा हातभर लाकडी होडीचा आकार तिने झाडाखाली गवतावर ठेवला आणि म्हणाली, "ही गव्हाणी." पोकळीत तिने मूठभर पेंढा घातला. बाळ येशूची मूर्ती त्यात २४ तारखेच्या रात्रीच ठेवायची असते, त्यामुळे पुढचे दोन दिवस धोटा रिकामाच होता आणि मी जाता-येता त्यातला पेंढा सारखा करत होते.

दिव्यांच्या बाबतीत मात्र ह्यांनी आधीच ताकीद दिली की त्यांची वायर कदापि प्लगला लावायची नाही. जुन्या वायरीवरचे रबर कडक होऊन तडकते आणि आतली तार उघडी पडते. सगळ्या वायरी काढून टाकल्या आणि दिव्यांच्या माना दोऱ्याने बांधून नुसते काचेचे दागिने म्हणून ते टांगले. हे दिसायला जुगाड वाटेल, पण त्याला चांगली वंशपरंपरा आहे. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने विजेच्या दिव्यांची काच भराभर फुंकणारे जे यंत्र १९२०च्या दशकात केले, त्याच यंत्रावर १९३०च्या दशकाच्या अखेरीला, जर्मनीचा माल येईनासा होण्याची चिन्हे दिसू लागल्यावर, नाताळचे गोळे निघू लागले. म्हणजे दिवा आणि गोळा ही एकाच पोटची भावंडे. नगरचे गोळे आणि गिरणीच्या झांकीतले दिवे आमच्या छत्रीवर शेजारी-शेजारी लटकले यात वावगे काहीच नव्हते. एवढे मात्र पाळावे की हा प्रयोग तारेच्या जुन्या दिव्यांचाच करावा. ट्यूबलाइट आणि पिळाच्या सीएफएल दिव्यांत पारा असतो, ते फुटले तर घरात नको ती भानगड होते.

स्वयंपाकघरातून फारसे काही शोधावे लागले नाही. सोऱ्याच्या चकत्या हे तयार दागिनेच असतात, विशेषतः चकलीची चांदणी असलेली पितळी चकती. पुरणयंत्राच्या जाळ्यांतून मागचा उजेड आला की त्या चक्राकार बर्फासारख्या दिसतात. चिंच-मीठ लावून घासल्यावर दोन्ही असे चमकले की पुढच्या दिवाळीत चकली करायला मला ओशाळल्यासारखे होईल. शिवाय कापसाच्या माळा. सूनबाई बाजारातून बर्फासाठी कापूस आणायचे म्हणत होती, तेव्हा मी वातींचा कापूस घेऊन बसले आणि तिच्यादेखत वीस मिनिटांत दीड हात माळ वळून दिली. देवाला वाहतो त्याच वळणाची, पण कुंकवाची बोटे न लावलेली. तिचे आपले नाव मात्र आम्ही दोघींनीही त्या दिवसांत घेतले नाही; 'बर्फ' म्हणूनच तिचा उल्लेख झाला.

माझ्या रुखवतातल्या क्रोशाच्या थालपोसांना खरे काम यंदा मिळाले. गेली कित्येक वर्षे ती पांढरी जाळीदार वर्तुळे कपाटात घडी होऊन पडली होती. साबुदाण्याची दाट खळ करून ती कोमट असताना थालपोस त्यात बुडवले, हलक्या हाताने पिळले, आणि सपाट थर्माकोलवर टाचण्यांनी प्रत्येक पाकळी ताणून उन्हात वाळवले. खळ गरम असताना घाई केली की दोऱ्यावर गठ्ठे राहतात आणि पुरती गार झाल्यावर ती आत शिरत नाही, एवढे सांभाळले की झाले. बुकबाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, पण तो विषारी असतो आणि पांढऱ्यावर निळसर झाक आणतो, म्हणून मी घातला नाही. नाताळ झाल्यावर गरम पाण्यात भिजवले की खळ जाते आणि थालपोस पुन्हा मऊ होतात, त्यामुळे सासूबाईंचा नियमही मोडत नाही. बर्फाचा स्फटिक नेहमी षट्कोनी घाटाचाच असतो, कारण गोठताना पाण्याचे रेणू सहांच्या कड्यांत बसतात. तेव्हा सहा किंवा बारा पाकळ्यांचेच थालपोस लावावेत असा ह्यांचा आग्रह होता. माझ्याकडे आठ पाकळ्यांचे तीन होते आणि तेच सगळ्यांत सुबक होते. मी तेही लावले. इंदुरात बर्फ पडतच नाही, तेव्हा तक्रार करायला कोण येणार होते?

झिरमिळ्यांच्या जागी जरीचे काठ वापरायचे सुचले ते एका जीर्ण महेश्वरी लुगड्यावरून. चंदेरी झिरमिळ्यांचा उगम न्यूरेंबर्ग भागातला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा मानतात, आणि तेव्हा त्या खऱ्या चांदीच्या तारा ठोकून, चपट्या करून, कापून केलेल्या असत. हे वाचल्यावर मी सूनबाईला म्हटले की याला आपल्याकडे बादला म्हणतात. चांदीची बारीक तार ओढायची, ती ठोकून चपटी करायची आणि रेशमाभोवती गुंडाळली की जर होते; न गुंडाळता नुसती कापली की त्यांची झिरमिळी. पुढे चांदी काळी पडते म्हणून त्यांनी शिसे वापरले, ते विषारी म्हणून बंद झाले, आणि आता बाजारात मिळते ते चकाकते प्लास्टिक.

लुगड्याचा काठ कापण्याआधी जर खरी की खोटी हे पाहणे भाग होते. एक तंतू नखाने खरवडून वरची तार सोडवली की आतला धागा दिसतो. तो लाल रेशमाचा असेल तर जर बहुधा खरी असते. पांढऱ्या किंवा पिवळ्या सुताचा असेल आणि तार तांबूस दिसत असेल तर नकली. महेश्वरीच्या काठाचा धागा लाल निघाला. कापड इतके विरले होते की घडी उलगडतानाच चर्रकन आवाज झाला, म्हणजे आमच्या कलमाप्रमाणे ते निकामी ठरत होते, आणि तरी त्या काठाला कात्री लावायला आम्ही दोघींपैकी कोणी पुढे होईना. शेवटी ते लुगडे घडी करून, काठ बाहेर ठेवून, झाडाच्या हंड्याभोवती नुसते वेढले, आणि झिरमिळ्यांसाठी माझ्याच एका फाटक्या साडीचा नकली जरीचा काठ बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत उसवला. नकली जर प्रकाशात खऱ्या जरीपेक्षा जास्त चमकते, हे मान्य करायला हवे.

आता ह्यांचा तारा. जर्मनीतल्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूमितीच्या तासासाठी म्हणून केलेला कागदी तारा पुढे नाताळचा तारा झाला आणि हेर्नहूट गावाच्या नावाने जगभर गेला, हे कळल्यावर एका निवृत्त गणित शिक्षकाला आवरणार कोण? त्याचा गाभा १८ चौरस आणि ८ त्रिकोण अशा २६ पृष्ठांचा असतो. एका चौरसातून दिवा आत सोडायचा आणि उरलेल्या २५ पृष्ठांवर टोके बसवायची, १७ चौकोनी बुडाची आणि ८ तिकोनी बुडाची. म्हणजे ९२ त्रिकोणी बाजू कापायच्या. त्यासाठी त्यांनी घरात साठलेल्या जुन्या लग्नपत्रिका घेतल्या. पहिली अडचण गणिताची नव्हतीच. प्रत्येक पत्रिकेवर गणपती, आणि गणपतीवरून कात्री चालवायला हे तयार नाहीत. म्हणून आधी सगळे गणपती चौकटीसकट कापून वेगळे काढले, आणि काही दिवस आमच्या टीपॉयवर एकेचाळीस गणपतींची चळत होती. दुसरी अडचण शेवटी लक्षात आली. चार दिवसांच्या खपानंतर दिवा लावला तेव्हा जाड पत्रिकांतून उजेड बाहेर येईना, नुसत्या सांध्यांतून रेघा फुटल्या. मग दाभणाने प्रत्येक बाजूवर भोके पाडत आणखी दोन रात्री गेल्या. मला विचाराल तर या ताऱ्याला बटर पेपरच हवा. पत्रिकांचा तारा दिवसा सुंदर दिसतो. सोनेरी अक्षरांत कोणाचे 'चि.' आणि कोणाचे 'सौ. कां.' वेगवेगळ्या टोकांवर वाचता येतात.

ओटल्यावर टांगायचा तारा आम्ही दिवाळीच्या कंदिलाच्याच पद्धतीने केला आणि तो एका दुपारी झाला. दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या घेतल्या. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन सारख्या चांदण्या बांधून त्या पाचही टोकांना एकमेकींशी आवळल्या, आणि आतल्या पाच कोनांत चार-चार इंचांचे तुकडे अडकवून त्यांना फुगवले. कामट्या एकमेकींना कुठे छेदतात ते डोळ्यांनी ठरवायला गेले की एक टोक लांब, एक आखूड होते; चोवीस इंचांच्या कामटीवर दोन्ही टोकांपासून सव्वानऊ इंचांच्या किंचित आत खूण केली की पाचही टोके सारखी येतात. खजुरी बाजारातून आणलेला पांढरा आणि लाल पतंगी कागद आणि महाराणी रोडवरून आणलेली एलईडीची माळ एवढीच काय ती खरेदी. आत पाच वॅटचा एलईडी दिवा पुरतो. जुना साठ वॅटचा पिवळा दिवा पतंगी कागदाच्या इतक्या जवळ लावणे धोक्याचे असते, तो तापतो.

एक उद्योग फसला तोही सांगून टाकते. डालड्याच्या जुन्या पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोके पाडून त्याचा कंदील करायचा बेत होता. भोके पाडताना पत्रा चेपू नये म्हणून डब्यात पाणी भरून ते आधी गोठवायचे, ही युक्ती बरोबर आहे. पण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते याची आठवण, घरात गणिताचे शिक्षक असूनही, कोणाला झाली नाही आणि मी डबा काठोकाठ भरला. सकाळी डब्याचे बूड बाहेर आले होते. भोके सुरेख पडली, पण तो कंदील टेबलावर ठेवला की डुलतो, म्हणून तो विटेच्या दोन तुकड्यांमध्ये अडकवून ठेवावा लागला.

२४ तारखेच्या रात्री सूनबाईने मातीचे छोटे बाळ धोट्यात ठेवले आणि मुलाने माळेचे बटण दाबले. फराळ तिने आणि मी मिळून केला होता. नगरला नाताळलाही करंज्या आणि शंकरपाळेच लागतात, हे मला फार बरे वाटले. झाडावर सर्वांत पुढे, डोळ्यांच्या उंचीवर, तिने दोन बिनरंगाचे गोळे टांगले होते, एक तिच्या आजीचा आणि एक माझा. रंगीत गोळ्यांपेक्षा त्यांतच खोली जास्त स्वच्छ दिसत होती, हंड्यापासून दारापर्यंत.

६ जानेवारीला आरास उतरवली. चकत्या सोऱ्याच्या डब्यात गेल्या, जाळ्या पुरणयंत्रात, थालपोस गरम पाण्यात, कांड्या आणि धोटा ट्रंकेत. छत्रीचा सांगाडा पुढच्या वर्षासाठी तारेसकट पोटमाळ्यावर गेला. इंदुरात कचरागाडीचे सहा कप्पे असतात आणि गाडीबरोबरच्या बाई कोणाचीही गय करत नाहीत, त्यामुळे सुकलेली मोरपंखी ओल्यात, कागदाचे कपटे सुक्यात, मामंजींच्या तडकलेल्या वायरी इलेक्ट्रॉनिकच्या कप्प्यात आणि उतरवताना फुटलेला एक दिवा वर्तमानपत्रात गुंडाळून, वर 'काच' असे लिहून, घातक वस्तूंच्या कप्प्यात असे सगळे मार्गी लावले. गोळे मऊ मलमलीत गुंडाळून डब्यात ठेवले आणि तो डबा पोटमाळ्यावर न ठेवता खालच्या कपाटात ठेवला, कारण मे महिन्यात आमच्या पोटमाळ्यावर जी भट्टी पेटते तिच्यात उरलेला रंगही टिकणार नाही. झाकणावर मी ठळक अक्षरांत 'पाणी लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. दुसऱ्या दिवशी पाहिले तर तिच्याखाली सूनबाईच्या अक्षरात आणखी दोन शब्द होते : 'आईंनीसुद्धा नाही.'